ब्याण्णव नंबरच्या बायका

तीन वर्षं मी सरकारसाठी लोकांची कामं मोजत हिंडले. नोकरी कंत्राटी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पिशवीत पाण्याची बाटली आणि तोंडात एकच प्रश्न: गेल्या सात दिवसांत तुम्ही काय काम केलंत? उचगावात तोच, गुंजीच्या स्टेशनामागच्या वस्तीत तोच, निपाणीच्या गल्लीतही तोच. ज्यांना हा प्रश्न विचारला त्यांतल्या बहुतेकांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला. ज्यांच्यासाठी विचारला त्यांच्याबद्दल माझ्या मनात तुच्छतेशिवाय काही उरलेलं नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी अजून निवळले नाही.

कामाला लागण्याआधी तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बेळगावातल्या एका हॉटेलचा एसी हॉल, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, प्रत्येकापुढं एक वही आणि एक पेन. शिकवणारे गृहस्थ बाहेरून आले होते. गळ्यात टाय आणि दर दोन वाक्यांनी घसा खाकरायची सवय. आपल्या देशाची कामगार मोजायची पद्धत आता जगाच्या मानकांना धरून आहे, हे त्यांनी तीन दिवसांत इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी माझ्या शेजारची मुलगी वहीत रेघा मारून मोजायला लागली. 'जगाची मानकं' म्हणताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा, गाभाऱ्यात शिरल्यासारखा.

मानक साधं होतं. आठवड्यात एक तास जरी कुणी पैशासाठी किंवा घरच्या धंद्यासाठी काम केलं, तरी तो माणूस कामकरी. घरच्यांसाठी रांधणं, धुणं, पोरं सांभाळणं हे श्रम खरे, पण रोजगार नव्हे. जी बाई फक्त तेवढंच करते तिचा नंबर ब्याण्णव.

मी हात वर केला. आमचं घर वडगावचं, विणकराचं. मी म्हटलं, "सर, माझे वडील मागावर साड्या विणतात. आई दिवसभर त्यांना सुताच्या कांड्या भरून देते. साडीचे पैसे वडिलांच्या हातात येतात. मग आई कुठल्या नंबरात?"

"आई हाऊसवाइफ आहे ना?"

"हो."

"मग? ब्याण्णव."

हॉलमधले दोघंतिघं हसले. मी खाली बसले. चहाच्या सुट्टीत मात्र गृहस्थ हातात जाड मॅन्युअल घेऊन, पानात बोट घालून माझ्याकडं आले. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारा माणूसही कामकरीच धरायचा, असं त्यात छापलेलं होतं. "बसते हं यात तुझी आई," ते म्हणाले. भरल्या बसमध्ये त्यांनीच उठून तिला जागा दिली असावी, असा त्यांचा चेहरा होता. सुट्टीनंतर हॉलमध्ये दुरुस्ती सांगतील असं मला वाटलं होतं. नाही सांगितली. जे हसले होते ते तोच नंबर डोक्यात घेऊन गावोगाव गेले.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "आई, सरकारच्या लेखी तू कामकरी हायस."

आई कांडीवरची तुटलेली तार जोडत होती. म्हणाली, "मग सरकारला म्हणावं, दोन दिस सुट्टी दे."

हे सांगायचं कारण, मला त्या मानकाचा राग नव्हता. कुठल्यातरी दूरच्या शहरात, कोट घातलेल्या माणसांनी लांबलचक टेबलाभोवती बसून केलेला नियम होता तो, पण माझ्या आईच्या बाजूचा होता. कागदावर आपला नियम जगाच्या मानकाशी शब्दाला शब्द जुळत होता. किळस येते ती तो कागद छातीशी धरून हिंडणाऱ्या माणसांची.

आमचे साहेब त्यातले पहिले. माणूस आमच्याच भागातला, शेतकऱ्याचा मुलगा, मराठी शाळेत शिकलेला. ऑफिसात मात्र चारचौघांत इंग्रजीच झाडायचा, आणि ते इंग्रजीही बेताचंच; संपलं की मराठीवर यायचा. गल्लीत पाय ठेवायला त्याला आवडत नसे. बुटांना माती लागते, असं एकदा त्यानं उघड म्हणून दाखवलं होतं. त्याच्या दिवसाचं सगळं सुखदुःख एका पिवळ्या पट्टीवर अवलंबून असायचं. एकाच घरात आम्ही ठरावीक अंतरानं चार वेळा जायचो. आधीच्या खेपेशी आताचं उत्तर जुळलं नाही, की टॅबवर पिवळी पट्टी यायची आणि तिचा खुलासा साहेबाला वर लिहावा लागायचा. लोकांचं आयुष्य तीन महिन्यांत बदलू शकतं हे साहेबाला पटत नसे. बदललंच तर त्यांनी ते त्याच्या तपासणीच्या आधी बदलायला हवं होतं.

निपाणीचं ते घर मला दुसऱ्या खेपेला मिळालं. पहिली खेप करणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता. बेळगावहून लाल बसनं मी सकाळी निघाले आणि दहाच्या सुमाराला त्या गल्लीत पोचले. दोन खोल्यांचं घर, पुढं कट्टा. कट्ट्यावर खुर्ची टाकून एक निवृत्त कंडक्टर पेपर वाचत बसला होता. आत उंबऱ्याला लागूनच दोन बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होत्या. एक कंडक्टरची बायको, दुसरी त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची. थोरलीचं वय पन्नाशीपुढचं असेल. पान हातात घ्यायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक दुमडलं, दोरा. तिचं लक्ष हाताकडं नव्हतंच, ती माझ्याकडं बघत होती.

मी टॅब उघडला. "अण्णा, घरात कामाला कोण कोण जातं?"

"मी रिटायर. पोरगा कागलला कंपनीत हाय."

"आणि बायका?"

"बायका घरातच असत्यात. त्या काय करत्यात?"

मी आत बोट दाखवलं. "मग हे काय चाललंय?"

त्यानं मान वळवून बघितलं, जणू आज पहिल्यांदाच दिसलं. "ते व्हय? ते असंच. बसल्या बसल्या. टीव्ही बघत बघत हात चालत्यात."

आतून थोरली म्हणाली, "भावजी, टीव्ही बिघडून ईस दिवस झालं."

धाकटी तोंडाला पदर लावून हसली. कंडक्टरनं पेपर वर घेतला. मी चप्पल काढून आत गेले आणि त्या दोघींसमोर बसले. नियमही तोच होता, ज्याचं त्याला विचारायचं.

"आक्का, विड्या रोज वळता?"

"रोज. सकाळी सा वाजता बसतो. मधी भाकरी-कालवण, भांडी. मग परत दिवस बुडंस्तवर."

"सुट्टी?"

"विड्या न्यायला मुकादम येत न्हाय त्या दिवशी पानं कापून ठेवायची. ती काय सुट्टी न्हवं."

कारखान्याचं कार्ड फक्त धाकटीच्या नावावर होतं. थोरलीच्या विड्याही धाकटीच्याच नावावर जायच्या. विधवा म्हणून थोरलीला पेन्शन होती, वेगळ्या कार्डानं ती बंद पडायला नको म्हणून घरच्यांनी तशी व्यवस्था केली होती. हे तिनं आवाज खाली करून सांगितलं. मी म्हटलं, "आक्का, हे पेन्शनच्या हापिसात जात न्हाय. कुणाचं नावगाव बाहेर जायचं न्हाय असा कायदाच हाय." तिला ते पटलं. मी दोघींच्या नावापुढचा ब्याण्णव काढला आणि त्यांना कामकऱ्यांत घातलं.

"काय लिव्हलंस?" तिनं विचारलं.

"तुम्ही काम करता, असं लिहिलं."

तिचा हात थांबला. सबंध वेळात पहिल्यांदाच. "बघ गं," ती धाकटीला म्हणाली, "आपुन कामाला हाय म्हणं."

ती थट्टेनं बोलली की खरंच, मला कळलं नाही. पण जाताना तिनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि "पोरी, पुढल्या बारीला जेवूनच जा" म्हणाली. परतीच्या बसमध्ये मला फार बरं वाटत होतं. आपण काहीतरी नीट केलं असं वाटून माणूस किती मूर्खासारखा खूश होतो!

चौथ्या दिवशी साहेबानं बोलावलं. टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता, त्यावर दोन पिवळ्या पट्ट्या.

"ही काय भानगड? मागच्या खेपेला ब्याण्णव, आता कामकरी. निपाणीत एकदम दोन बायकांना नोकऱ्या लागल्या?"

"मागच्या खेपेला चुकीचं लिहिलं होतं, सर. त्या वर्षानुवर्षं विड्या वळतात. मी डोळ्यांनी बघितलं."

"तुम्ही बघायला जाता की विचारायला?"

"विचारलं पण. त्यांनीच सांगितलं."

"घराचा कर्ता काय म्हणाला?"

माझं उत्तर येईपर्यंत तो थांबला नाही. फॉर्मवरचा नंबर बघून त्यानं तिथंच कंडक्टरला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. "नमस्कार, सर्व्हेच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या घरातल्या लेडीज घरकामच करतात ना?"

पलीकडून आवाज आला, "व्हय साहेब."

"झालं," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "पूर्ववत करा. मी वर दोन-दोन खुलासे लिहीत बसू काय? ऑलरेडी आपल्या विभागात बायकांचे आकडे नीट चाललेत, त्यात कशाला खोडा?"

मी पूर्ववत केलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. त्यानं आवाजही चढवला नव्हता. कंत्राट संपायला चार महिने होते आणि नूतनीकरणाच्या कागदावर त्याची सही लागायची, एवढंच. दोन जागी ब्याण्णव टाकायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तेवढ्यात चहा आला, तोही मी प्यायले. साहेबाबद्दल मला जे वाटतं त्यातली एक वाटणी माझ्या नावावर आहे, आणि ती काही लहान नाही.

त्यानंतर अडीच महिन्यांनी ऑफिसात धावपळ सुरू झाली. आपली कामगारांची आकडेवारी जगाच्या मानकांना धरून आहे की नाही, हे बघायला पाहुणे येणार होते. दिल्लीचे एक अधिकारी आणि परदेशातून एक बाई. कुठल्यातरी घरात प्रत्यक्ष प्रश्न कसे विचारतात तेही त्यांना बघायचं होतं. साहेबानं जिने धुऊन घेतले, भिंतीवरचा जुना तक्ता काढून नवा लावला, आणि पाहुण्यांना दाखवायला घर शोधायला बसला. त्याला असं घर हवं होतं, जिथं एकाही खेपेला पिवळी पट्टी आलेली नाही.

त्यानं निवडलं ते निपाणीचंच घर. पूर्ववत केल्यामुळं त्याच्या यादीत ते एकदम स्वच्छ दिसत होतं.

"सर, तिथं नको," मी म्हटलं.

"का? कर्ता माणूस समजूतदार आहे. बोलणं चांगलं आहे. तिसरी खेप ड्यूच आहे, त्यातच उरकू." आणि मग, मला काही कळत नाही असं समजून, हळूच म्हणाला, "त्या सुपाबिपांचं मी त्याला सांगून ठेवतो."

पाहुणे सांबऱ्याला विमानानं उतरले. तिथून तीन गाड्या निपाणीला निघाल्या. शेवटच्या गाडीत पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याशेजारी मी. गल्लीच्या तोंडाशी गाड्या थांबल्या तेव्हा लोक दारात येऊन उभे राहिले. नळाचं किंवा रस्त्याचं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं असावं. कंडक्टर इस्त्रीचे कपडे घालून कट्ट्यावर उभा होता. आतली जमीन पुसलेली. सुपं नव्हती, पानं नव्हती, कात्रीसुद्धा नव्हती. पण तंबाखूचा वास भिंतीत मुरलेला असतो, तो काही उचलून ठेवता येत नाही. दिल्लीच्या अधिकाऱ्यांना दोनदा शिंक आली. धाकटी चहा करत होती. थोरली नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मोकळे हात ठेवून. ते हात मोकळे बघणंच विचित्र वाटत होतं.

परदेशी बाई उंच, हसऱ्या. चपला त्यांनी स्वतःहून बाहेर काढल्या. जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग पाय एका बाजूला घेऊन बसल्या. त्या इंग्रजीत विचारणार, दिल्लीचे अधिकारी त्याचं हिंदी करणार आणि मी मराठी. साहेब दाराशी हात बांधून उभा.

थोडी इकडची तिकडची विचारपूस झाली आणि बाईंनी तो प्रश्न विचारला. हिंदी होऊन माझ्यापर्यंत आला. गेल्या सात दिवसांत, एक तास तरी, पैशासाठी किंवा फायद्यासाठी काही काम केलं का?

मला वाटलं, आता तरी नीट विचारावं. 'कामाला जाता काय' असं विचारलं तर उत्तर काय येणार ते मला माहीत होतं. मी सरळ विचारलं, "आक्का, गेल्या सोमवारपास्नं विड्या वळल्या काय? दिवसातनं किती वेळ?"

साहेबाला मराठी कळत होतं. त्याची मान एकदम वर झाली. कंडक्टरनं खाकरल्यासारखं केलं. थोरलीनं त्या दोघांकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"न्हाय," ती म्हणाली. "मी कायबी करत न्हाय. घरातच असतो."

मी तसंच सांगितलं. हिंदी झालं, इंग्रजी झालं. बाईंनी मान हलवून वहीत लिहिलं. मग त्यांचं लक्ष थोरलीच्या हातांकडं गेलं. वर्षानुवर्षांच्या तंबाखूनं तिची बोटं टोकाला काळपट तपकिरी झाली होती, अंगठ्याचं नख दोऱ्यानं खाचलं होतं. बाईंनी प्रेमानं तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं. दिल्लीचे अधिकारी हसून हो हो म्हणाले. मी साहेबाकडं बघितलं, तोही हसत होता. मला इंग्रजी तेवढं येतं. बाईंनी विचारलं होतं, ही मेंदी का?

जगभर हिंडून माणसांची कामं मोजण्याचे नियम तपासणारी बाई. तिनं एका कामकरी बाईचा हात हातात धरला आणि त्यावरचं काम तिला मेंदी दिसलं. ती वाईट नव्हती. वाईट असती तर मला इतकी शरम वाटली नसती. दोनदा शिंकलेल्या दिल्लीच्या माणसाला मात्र ती मेंदी नव्हे हे माहीत होतं. त्याचा होकार मी विसरलेले नाही.

चहा झाला. पाहुणे कंडक्टरबरोबर फोटो काढायला कट्ट्यावर गेले. मी आतल्या खोलीत थोरलीच्या मागोमाग गेले. ती वाकून कॉटखालचं सूप ओढत होती.

"आक्का, असं का सांगितलंत?"

"मागल्या बारीला खरं सांगिटलं हुतं की तुला. काय केलंस त्येचं?"

तिनं सूप बाहेर ओढून मांडीवर घेतलं.

"भावजीस्नी फोन आलता तवा मी हितंच हुतो," ती म्हणाली. "साहेब म्हणाला, घरकामच न्हवं? भावजी म्हणालं, व्हय. तुमचं तुमी ठरवलासा. आता गोरी बाई आली म्हणून मी कशाला बदलू? ती जाईल इमानानं. मला हितंच ऱ्हायाचं हाय. उद्या पेन्शन बंद पडली तर तिला कुठं हुडकू?"

"ते मी नव्हतं ठरवलं," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं.

"तूच लिव्हलंस, तूच खोडलंस. मला काय त्येचं?" तिनं सूप पुसलं. "जा. त्यांच्या गाड्या निघतील."

मी गाडीत जाऊन बसले. हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत ड्रायव्हर काहीतरी बोलत होता, मला एक शब्द आठवत नाही.

पुढं पाहुण्यांचं पत्र आलं. आमच्या विभागातल्या कामाची पद्धत मानकांना धरून आहे, प्रश्न लोकांना समजेल अशा भाषेत विचारले जातात आणि उत्तरं देताना लोक मोकळेपणानं बोलतात, असं त्यात होतं. साहेबानं ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, 'मोकळेपणानं' या शब्दावर थांबून सगळ्यांकडं बघितलं आणि सबंध ऑफिसला खव्याचा कुंदा वाटला. मला दोनदा मिळाला. माझं कंत्राटही वाढवून मिळालं, पुढच्या एका खेपेपुरतं.

त्या घराची चौथी आणि शेवटची खेप त्यातच होती. मी गेले तेव्हा कंडक्टर घरी नव्हता, संकेश्वरला लग्नाला गेला होता. दोघी उंबऱ्याशी, सुपं मांडीवर. मला बघून थोरली हसली नाही, पण पाट सरकवला. जेवणाचं मात्र तिनं या वेळी काढलं नाही.

मी टॅब पिशवीतच ठेवला. आधी सांगितलं, "आक्का, मागं मी खोडलं. साहेबानं सांगितलं म्हणून खोडलं, पण हात माझा होता."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली.

मग धाकटीच बोलली. ती कधी फारशी बोलत नसे. "माझं लिव्ह. मी वळतो विड्या. कार्ड हाय माझं, मला कुणाची भीती हाय? आमचं मालक भावकीत सांगत्यात, आमच्या बायका घरात बसून खात्यात म्हणून. लिव्ह, कोण खातंय ते."

मी तिचं लिहिलं. मग थोरलीकडं बघितलं. तिनं एक विडी पुरी केली, दोरा तोडला, दुसरं पान घेतलं.

"पेन्शनच्या हापिसात जात न्हाय म्हणालीस."

"न्हाय जात. हे मात्र खरं हाय."

"मग लिव्ह. पर ह्या बारीला खोडू नगंस."

मी लिहिलं. पट्ट्या आल्या, दोन पिवळ्याजर्द. खुलाशाच्या रकान्यात मी लिहिलं की आधीच्या तिन्ही खेपांची नोंद चुकीची आहे, आणि दुसऱ्या खेपेची मी स्वतः चुकीची केली आहे. माझं नाव घातलं आणि तिथंच कट्ट्यावर बसून पाठवून दिलं, म्हणजे बेळगावला पोचेपर्यंत माझाच विचार बदलायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाचं बोलावणं. या वेळी आवाज चढलेला होता.

"पाहुण्यांना दाखवलेलं घर आहे ते! त्याच घरात तुम्ही हे लिहिता? लेखी? अक्कल आहे का?"

मी प्रशिक्षणातलं मॅन्युअल बरोबर नेलं होतं. ते पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. एक तास, पैशासाठी किंवा फायद्यासाठी.

"हे मला शिकवता? मॅन्युअल छापायला असतं. काम अनुभवानं चालतं. पूर्ववत करा."

"नाही करणार, सर."

"काय?"

"तुम्हाला बदलता येतं. तुमच्या लॉगिननं बदला. बदल कुणी केला ते नाव तिथं येतं, तेवढंच."

त्यानं लॅपटॉप जवळ ओढला. पट्टीवर बोट नेलं, मागं घेतलं. खिशातून रुमाल काढून त्यानं उगीचच पडदा पुसला. इतकी वर्षं त्यानं सगळ्यांची नोंद दुसऱ्यांच्या हातांनी बदलून घेतली होती. स्वतःच्या नावानं एक आकडा फिरवायची पाळी आली तेव्हा माणूस घामाघूम झाला. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. एवढ्याशा माणसाला आपण तीन वर्षं भ्यायलो, याची लाज वाटली.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "बघतो मी."

त्यानं काही बघितलं नाही. महिन्याअखेर नोंदी बंद झाल्या तेव्हा मी ऑफिसातल्या एका मुलीच्या टॅबवर त्या घराचा नंबर टाकून पाहिला. दोघी कामकरी म्हणूनच होत्या. न्यायानं नव्हे, मानकानंही नव्हे. एका भित्र्या माणसाला आपलं नाव कुठं उमटू द्यायचं नव्हतं, म्हणून निपाणीच्या दोन बायका त्या तिमाहीत देशाच्या कामकऱ्यांत धरल्या गेल्या.

माझं कंत्राट पुढं वाढलं नाही. कारण विचारलं तर मंजुरी आली नाही म्हणाले. आता मी शहापूरमधल्या एका साड्यांच्या दुकानात माल लावते. साहेब बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तिथं तो नव्या पोरांना प्रशिक्षण देतो असं ऐकलं, आणि ते खरं असणार, कारण त्याच्यासारख्याला दुसरं काय येतं?

निपाणीला नंतर दोनदा जाणं झालं, एकदा लग्नाला, एकदा दुकानाच्या कामाला. त्या गल्लीवरूनच रिक्षा गेली. उतरून थोरलीला सांगावं असं मनात आलं, की आक्का, या बारीला खोडलं नाही. पण ती विचारणार, मग? मग काय झालं? विडीचा दर वाढला काय, मुकादम नीट बोलायला लागला काय, तिच्या नावाचं कार्ड निघालं काय? यातलं काहीच झालं नव्हतं. मी रिक्षावाल्याला थांबवलं नाही.